९८ सीसी किनेटिक होंडा : हौशी शर्यतीसाठीच्या बांधणीच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार

बाबांनी १९९१ साली घेतलेली किनेटिक होंडा आज परड्यातल्या पत्र्याच्या शेडमधून बाहेर काढली. ती गेली तेरा वर्षे एका जागी उभी होती. वर्तमानपत्री मराठीत विनागियरच्या प्रत्येक दुचाकीला मोपेड म्हणायची पद्धत आहे, आणि आमच्या घरातही ही गाडी कायम 'मोपेड' म्हणूनच ओळखली गेली. पण तिच्या पोटात जे आहे ते साध्या मोपेडपेक्षा फार वेगळे आहे : ९८ सीसीचे दोन-स्ट्रोक इंजिन, पंख्याने थंड होणारा ब्लॉक म्हणजे सिलिंडर, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पातळ झडप), आणि बेल्ट व दोन पुल्यांवर चालणारा, गियरची जागा घेणारा व्हेरिएटर. किनेटिक आणि होंडा यांच्या भागीदारीतून १९८४ पासून ती इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९९८ मध्ये होंडा त्या भागीदारीतून बाहेर पडली. त्यामुळे आज सुटे भाग मिळवणे हाच कामाचा निम्मा भाग आहे.

डिसेंबरात जिल्ह्यात मातीच्या मैदानावर हौशी स्वारांची शर्यत आहे आणि तिच्यात विनागियरच्या दोन-स्ट्रोक गाड्यांचा स्वतंत्र गट आहे. ब्लॉक मूळचाच हवा, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) जास्तीत जास्त अर्धा मिलिमीटर वाढवलेली चालेल, चाके मूळ मापाची म्हणजे १० इंचीच हवीत, बाकी काम आपापल्या अकलेने करावे, असे नियम आहेत. गाडी भाचा चालवणार आहे आणि बांधणी माझ्याकडे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वतःसाठी लिहून ठेवतो. गियरच्या गाडीत प्रत्येक गियर बदलताना आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) खाली येतो, म्हणून इंजिनाची ताकद रुंद पट्ट्यात पसरलेली असावी लागते. व्हेरिएटरच्या गाडीत तसे नसते. पूर्ण थ्रॉटल दिल्यावर वेग वाढत राहतो, पण इंजिन जवळपास एकाच आरपीएमवर धरून ठेवलेले असते. म्हणून पोर्ट (सिलिंडरच्या भिंतीतली वायूची दारे), सायलेन्सर, रोलर आणि क्लच या चौघांचे एकाच आकड्यावर एकमत झाले पाहिजे. मी तो आकडा ७,२०० ठरवला आहे.

१५ जून २०२५

कार्बोरेटर धुऊन, नवा प्लग टाकून गाडी सुरू झाली. चाचणीसाठी एका साखर कारखान्याचा गाडीअड्डा मिळाला आहे. गळीत हंगामात तिथे ऊसगाड्यांना जागा पुरत नाही, पण आता सगळे अंगण मोकळे असते. कारखान्याच्या कचेरीतून रीतसर परवानगी घेतली आणि गाडी छोटा हत्तीतून नेली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीकृत वाहनात असे मूलभूत बदल करून ते रस्त्यावर चालवता येत नाही. यापुढे ही गाडी सार्वजनिक रस्त्याला लागणार नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे.

आजचे मोजमाप असे : प्लगच्या वायरीला गुंडाळायच्या छोट्या मीटरवर पूर्ण थ्रॉटलला ५,४०० आरपीएम, आणि उभ्या जागेवरून २०० मीटरला १७.४ सेकंद. पाच वेळा घेतलेल्या वेळांची ही सरासरी आहे. पुढची प्रत्येक सुधारणा याच्याशीच ताडून पाहायची.

२२ जून २०२५

इंजिन उघडले. एक्झॉस्ट पोर्टमध्ये काजळीचा असा थर होता की करंगळी आत जाईना. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर उभे ओरखडे होते, रिंगांच्या तोंडातली फट ०.७ मि.मी.पर्यंत गेली होती, म्हणून पाव मिलिमीटर वाढीव पिस्टन बसवायचे ठरले. उद्यमनगरात ज्यांच्या लेथवर मी कॉलेजपासून जातो, त्या अण्णांनी पिस्टन हातात घेऊन स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या अंगावर) तीन ठिकाणी मायक्रोमीटर लावला आणि मगच बोअरिंगचे माप खडूने ब्लॉकवर लिहिले. पिस्टन आणि बोअर यांच्यात रोजच्या वापराला चालतो त्यापेक्षा थोडा जास्त, म्हणजे ०.०६ मि.मी. मोकळेपणा ठेवायला सांगितला, कारण हवेने थंड होणारा ब्लॉक दहा मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर तापला की पिस्टन आधी फुगतो आणि लोखंडी स्लीव्ह नंतर.

हेडचे काम त्याच दिवशी केले. प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालून क्रँक हाताने फिरवला आणि चेपलेल्या टोकाला व्हर्नियर लावला, तेव्हा पिस्टनचा माथा आणि हेडची कड यांतली फट १.९ मि.मी. भरली. ही फट फार असली की कडेचे मिश्रण नीट जळत नाही आणि तिथेच ठोका (मिश्रणाचा अवेळी स्फोट) तयार होतो. सिरिंजने तेल भरून मोजलेली ज्वलनकक्षाची जागा १५ सीसी होती, म्हणजे संपीडन गुणोत्तर सुमारे ७.५. हेड ०.७ मि.मी. घासून घेतल्यावर फट १.२ मि.मी. आणि जागा १३.६ सीसी झाली. नव्या बोअरसह गुणोत्तर ८.३ च्या जवळ गेले. यापुढे जाण्याचा मोह मी मुद्दाम आवरला. पंख्याच्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात संपीडनाने मिळणारी ताकद उष्णतेच्या रूपाने परत द्यावी लागते.

६ जुलै २०२५

पाऊस थांबत नाही. आठवडाभर संध्याकाळी फक्त पोर्टचे काम केले.

क्रँकच्या टोकाला कागदी कोनमापकाची चकती चिकटवली, तारेचा काटा लावला आणि पोर्ट कुठे उघडतात व कुठे मिटतात ते अंशांत लिहून घेतले. माझ्या ब्लॉकमध्ये एक्झॉस्ट १६४ अंश उघडा राहत होता आणि ट्रान्सफर, म्हणजे ताजे मिश्रण आत घेणारा पोर्ट, ११८ अंश. ट्रान्सफरला मी हात लावला नाही. एक्झॉस्टची वरची कड १.७ मि.मी. उचलली, त्याने कालावधी १७२ अंश झाला आणि जळालेल्या वायूला ट्रान्सफर उघडण्याआधी बाहेर पडायला २३ ऐवजी २७ अंश मिळू लागले. आकडा लहान वाटतो, पण ७,२०० आरपीएमला एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांत संपते. तिथे एकेक अंशाची किंमत असते.

घासणी करताना घाई केली नाही. कडेवर निळी शाई लावायची, सुईने रेघ ओढायची, आणि रेघेच्या अलीकडे पाव मिलिमीटर थांबून उरलेले काम कानशीने हाताने करायचे. पोर्टची वरची कड सरळ न ठेवता किंचित कमानदार ठेवली आणि शेवटी सगळ्या कडांना बारीक चॅम्फर (उतार) दिला, नाहीतर रिंग त्या खाचेत अडकून तुटते. रुंदी वाढवली नाही. रुंदी वाढवली की रिंग पोर्टमध्ये फुगते, आणि एकदा बिघडलेला ब्लॉक आज कुठे शोधायचा?

२७ जुलै २०२५

सायलेन्सर. या कामात तीन रविवार गेले आणि ते गेल्याचे मला जराही वाईट वाटत नाही.

दोन-स्ट्रोक इंजिनात सायलेन्सर आवाज तर कमी करतोच, पण त्याचे खरे काम वेगळे असते. एक्झॉस्ट उघडताच निघालेली दाबाची लहर रुंदावत्या शंकूतून जाताना मागे ओढ निर्माण करते आणि ट्रान्सफरमधून ताजे मिश्रण आत खेचते. पुढे अरुंद होणाऱ्या शंकूवर आपटून ती परत येते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पोर्ट मिटण्याच्या क्षणी पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. लहर नेमकी वेळेवर परत आली पाहिजे, आणि ती वेळ लांबीवर ठरते. ७,२०० आरपीएमला १७२ अंशांसाठी ३.९८ मिलिसेकंद मिळतात. तापलेल्या वायूत लहरीचा वेग सेकंदाला सुमारे ५१८ मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती २.०६ मीटर जाते. जाऊन-येऊन म्हणून त्याच्या निम्मे, म्हणजे पिस्टनपासून परतीच्या शंकूच्या मध्यापर्यंत १,०३० मि.मी.

एवढी लांबी या गाडीच्या पोटाखाली सरळ बसत नाही, म्हणून पुढची नळी एकदा वळवून घ्यावी लागली. जुन्या कॅलेंडरांच्या पुठ्ठ्यांवर शंकूंचे नमुने काढले, गाडीखाली चिकटपट्टीने लावून पाहिले, स्टँड आणि मागच्या चाकाला कुठे लागतात ते बघून दोनदा बदलले आणि मगच २० गेजचा पत्रा कापला. पत्रा गोलाकार वळवायला अण्णांकडचे रोलर मिळाले. वेल्डिंग गॅसवर केले, कारण एवढ्या पातळ पत्र्याला आर्कने भोके पडतात. शेवटचा सांधा थंड होत असताना अण्णांनी नळीच्या तोंडाला तळहात लावून दुसऱ्या बाजूने फुंकर मारायला लावली आणि म्हणाले, "एका बी सांध्यातनं वारं फुटलं तर तुझी लहर गेली, बघ." एका ठिकाणी फुटत होते. तिथे पुन्हा भरले.

बाजारात मिळणारा नुसता पोकळ, कर्कश सायलेन्सर लावून गाडी 'पळू लागली' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यात आवाजच तेवढा वाढलेला असतो. शिवाय शेजाऱ्यांच्या कानांचाही विचार केला पाहिजे. मी शेवटी काचेच्या लोकरीने भरलेली लहान नळी जोडली आहे.

१० ऑगस्ट २०२५

आता व्हेरिएटर. पुढच्या पुलीत सहा रोलर असतात. इंजिन जोरात फिरू लागले की ते बाहेर फेकले जातात, पुलीची हलती थाळी आत दाबतात आणि बेल्ट वर चढतो. रोलर जड असतील तर बेल्ट लवकर चढतो आणि इंजिन खालच्या आरपीएमवर अडकते, हलके असतील तर इंजिन वरच्या आरपीएमवर टिकते. बाहेर फेकणारा जोर वजनाच्या प्रमाणात आणि आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे हिशेब सरळ आहे. ५,४०० वरून ७,२०० वर जायचे तर ५,४०० हे ७,२०० चे पाऊण पट. पाऊणचा वर्ग ०.५६. म्हणजे मूळ वजनाच्या ५६ टक्के वजन ठेवायचे.

मूळ वजन किती, हे घरच्या तराजूवर कळेना. गुजरीतल्या ओळखीच्या सराफांकडे सहाही रोलर रुमालात बांधून नेले. त्यांनी काचेची पेटी उघडून एकेक रोलर पारड्यात ठेवला, आणि काळ्या ग्रीसचा डाग तराजूला लागू नये म्हणून खाली कागद घातला. सहा मिळून ५१ ग्रॅम भरले. एका बाजूला सपाट झिजलेल्या दोन रोलरांचे वजन बाकीच्यांपेक्षा थोडे कमी होते. ५१ च्या ५६ टक्के म्हणजे पावणेएकोणतीस ग्रॅमच्या आसपास. नव्या संचातल्या रोलरांच्या मधली धातूची नळी लेथवर आतून कोरून प्रत्येक ४.८ ग्रॅमचा करून घेतला.

३१ ऑगस्ट २०२५

बाप्पा घरी असताना परडे रिकामे नव्हते, त्यामुळे आठवडा तसाच गेला. आज उघडीप मिळताच गाडीअड्ड्यावर चाचणी घेतली. अपेक्षा ७,२०० ची होती, मीटरने ७,५०० दाखवले. कारण घरी येऊन विचार केल्यावर सापडले. मागच्या पुलीत तिरक्या खाचा असतात आणि इंजिनाचा जोर वाढला की त्या बेल्टला खालच्या गुणोत्तराकडे ओढतात. माझ्या हिशेबात रोलरांचे वजन होते, पण वाढलेली ताकद नव्हती. उलट गणित मांडले तर ३१.२ ग्रॅमला ७,२०० यायला हवेत. म्हणजे प्रत्येक ५.२ ग्रॅम. कोरलेल्या रोलरात वजन परत घालता येत नाही, त्यामुळे दुसरा संच घेतला.

आणखी एक पाहणी केली. पुलीच्या तोंडावर काळ्या मार्करने मध्यापासून कडेपर्यंत रेघा ओढल्या आणि एक पूर्ण धाव घेतली. बेल्ट जिथवर चढतो तिथवर शाई पुसली जाते. बाहेरच्या कडेला ४ मि.मी. शाई शाबूत राहिली होती, म्हणजे बेल्ट पूर्ण चढतच नव्हता. थाळीच्या आतल्या उतारावर बोट फिरवले, तेव्हा प्रत्येक उतारावर नखाला लागेल अशी पायरी सापडली. इतक्या वर्षांत रोलरांनी ती घडवली होती. बारीक पॉलिश पेपरने ती काढून टाकली. सहाही उतार सारखेच घासले जावेत म्हणून प्रत्येकावर मोजून तेवढेच हात मारले.

१४ सप्टेंबर २०२५

आज इंजिन पकडले, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला.

सहाव्या धावेत, पूर्ण थ्रॉटलवर, आवाज आधी किंचित कोरडा झाला आणि मागचे चाक अडले. भाच्याने थ्रॉटल सोडून गाडी सरळ धरली, म्हणून तो पडला नाही. आधी त्याचे गुडघे-कोपर पाहिले, गाडीकडे नंतर वळलो. गार झाल्यावर प्लग काढला : पोर्सेलीन पांढरेफटक, टोकावर ॲल्युमिनियमचे बारीक मणी. मिश्रण फार पातळ झाले होते.

जेटचा (कार्बोरेटरमधल्या इंधनाच्या छिद्राचा) अंदाज मी आधी बांधला होता. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण १३.५, म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे ९ टक्के जास्त इंधन हवे. माझ्याकडच्या जेटांचे नंबर छिद्राच्या व्यासावर आहेत, म्हणून ८५ च्या जागी निदान ८९, आणि नव्या सायलेन्सरचा ओढा धरून मी ९२ घातला होता. त्यावर प्लग इतका पांढरा पडायला नको होता. कुठून तरी फुकटची हवा आत येत असणार.

१७ सप्टेंबर २०२५

दाबाची चाचणी घेतली. आईचे जुने रक्तदाब मोजायचे यंत्र कपाटात पडून होते. एक्झॉस्ट आणि कार्बोरेटरची तोंडे रबराच्या पट्ट्या दाबून बंद केली, प्लगच्या भोकात व्हॉल्व्ह बसवला आणि त्या यंत्राच्या रबरी फुग्याने इंजिनात ३०० मि.मी. पाऱ्याइतका दाब भरला. गळती नसेल तर काटा पाच मिनिटांत फारसा हलत नाही. आमचा काटा चाळीस सेकंदांत २०० च्या खाली आला. साबणाचे पाणी सगळीकडे लावत गेलो, आणि मॅगनेटच्या मागच्या ऑइल सीलभोवती बारीक बुडबुड्यांची माळ उठली. ते सील जूनमध्ये मीच बसवले होते. पुलर लावून मॅगनेट काढला तर सीलची एक बाजू दुसरीपेक्षा मिलिमीटरभर खोल गेलेली, ओठ दुमडलेला. ही चाचणी इंजिन पहिल्यांदा जोडल्या जोडल्या करायला हवी होती. यापुढे प्रत्येक जोडणीनंतर ती केल्याशिवाय किक मारायची नाही, असे शेडच्या दारावर लिहिले आहे.

ब्लॉक पुन्हा बोअर करावा लागला. अर्ध्या मिलिमीटरचा वाढीव पिस्टन, म्हणजे नियमाने मुभा असलेली शेवटची बोअर. पोर्टच्या कडांचे चॅम्फर बोअरिंगने गेले होते, ते पुन्हा दिले.

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी

उद्यमनगर बंद. अण्णांच्या लेथला हार घातला, मीही माझ्या कोनमापकाला, फीलर गेजला आणि रक्तदाबाच्या यंत्राला हळदकुंकू वाहिले. काम नाही.

१२ ऑक्टोबर २०२५

सील नीट बसवून नवा पिस्टन घातल्यावर दाब पाच मिनिटांत ३०० वरून २९० पर्यंत आला, एवढेच. तेलाचा पंप काढून पेट्रोलमध्ये लिटरला ३० मि.लि. तेल मिसळतो आहे, कारण शर्यतीच्या आरपीएमला पंपाच्या केबलच्या मापावर जीव टांगून ठेवणे मला पटत नाही. तेलामुळे तेवढे पेट्रोल कमी जाते, तेही जेटमध्ये धरावे लागते. १०० नंबरच्या जेटपासून सुरुवात केली. गाडी वरच्या टोकाला अडखळत होती. ९८ ला अडखळणे कमी झाले, ९५ ला साफ झाले. पूर्ण थ्रॉटलवर धाव, तिथेच इंजिन बंद, प्लग बाहेर : पोर्सेलिनच्या बुडाशी दुधाळ कॉफीचा वळसा. ९३ घालून पाहण्याचा भाच्याचा आग्रह मी मानला नाही.

५.२ ग्रॅमच्या रोलरांवर मीटर ७,१५० ते ७,२५० मध्ये स्थिर राहतो. वेग वीस असो की साठ, आवाजाची पट्टी बदलत नाही. अड्ड्याच्या भिंतीजवळ उभे राहून तो एकसुरी आवाज ऐकणे हा या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत मोठा आनंद आहे. २०० मीटरला १४.३ सेकंद.

पंख्यावरचे पत्र्याचे आवरण वजनासाठी काढून टाकावे, असे दोघांनी सुचवले. ते काढले की पंख्याची हवा फिन्सवरून न जाता चहूकडे पसरते. आवरण राहणार.

२ नोव्हेंबर २०२५

क्लचचे स्प्रिंग. मूळ स्प्रिंगांवर क्लच इतका लवकर धरतो की सायलेन्सर कामाला लागायच्या आधीच इंजिनावर ओझे येते आणि गाडी पहिले दहा मीटर रांगते. कडक स्प्रिंगांवर तो ५,८०० ला धरू लागला, पण मातीत मागचे चाक जागच्या जागी फिरले. मधल्या स्प्रिंगांवर ५,००० च्या आसपास धरतो आणि टायरमधली हवा दोन पौंडांनी कमी केल्यावर चाक माती पकडते. मागच्या पुलीचा मोठा स्प्रिंग मूळचाच ठेवला. तो कडक केला की बेल्ट तापतो, आणि आमच्याकडे चांगला बेल्ट एकच आहे.

ऊसगाड्या येऊ लागल्या. गाडीअड्ड्यावरची ही शेवटची चाचणी.

१४ डिसेंबर २०२५

आमच्या गटात अकरा गाड्या होत्या. दोन फेऱ्या आठ-आठ लॅपच्या. पहिल्या फेरीत भाचा तिसरा आला, सुरुवातीला दोन गाड्या मागे टाकून. दुसऱ्या फेरीत पाचव्या लॅपनंतर वळणातून बाहेर पडताना आवाज वर जायचा पण गाडी त्या मानाने ओढत नव्हती, आणि तो पाचवा आला. एकूण चौथा क्रमांक. उतरल्यावर त्याने पहिले वाक्य उच्चारले ते असे : "मामा, इंजिन नाही, क्लच सुटतोय." क्लचच्या झाकणाला हात लावता येत नव्हता.

२१ डिसेंबर २०२५

सगळे उघडले. पिस्टनच्या स्कर्टवर एकही ओरखडा नाही, माथ्यावर एकसारखा तपकिरी थर, रिंगांची फट बसवताना होती तेवढीच. बेल्टची रुंदी ०.६ मि.मी.ने कमी झाली आहे. क्लचची वाटी आतून निळी पडली असून शूंचे अस्तर काचेसारखे गुळगुळीत झाले आहे. दोन फेऱ्यांमध्ये फक्त वीस मिनिटे मिळाली होती आणि झाकण बंद असल्यामुळे आतली उष्णता बाहेर पडलीच नाही. वाटीला बाजूने सहा भोके पाडता येतील का आणि तरी ती तोलात राहील का, हे अण्णा लेथवर फिरवून बघणार आहेत. अस्तराला पॉलिश पेपरने आडव्या रेघा मारून ठेवल्या. ५.२ ग्रॅमचे सहा रोलर पुसून, डबीत घालून, वर वजन आणि तारीख लिहिली. ऑइल सील मात्र नवे मागवले आहे. जुने अजून दाब धरते, पण पुढच्या जोडणीत ते पुन्हा वापरणार नाही.